वरून काच, आतून गंज

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि लहान मोटारींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल गाडीवरचा एक टक्का आणि डिझेल गाडीवरचा तीन टक्के उपकरही त्याबरोबर गेला. करपूर्व किंमत पाच लाख रुपये असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचे गणित मांडले, तर ग्राहकाचे ५५ हजार रुपये वाचले. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नव्हे. मात्र ती सगळीच्या सगळी घरी पोहोचते असे नाही. शोरूममध्ये गाडीचा सौदा ठरला की शेवटच्या टेबलावर आणखी एक दरपत्रक पुढे सरकवले जाते. सिरॅमिक कोटिंग, ग्राफीन कोटिंग, पीपीएफ, अंडरबॉडी कोटिंग अशी नावे आणि प्रत्येकापुढे वर्षांची हमी. तीस हजारांचे कोटिंग घेतले, तर त्यावर १८ टक्के कर धरून ३५ हजार ४०० रुपये होतात. कर कमी झाल्यामुळे हातात आलेल्या रकमेचा मोठा वाटा असा त्याच दालनात परत जातो. गाडी घेणारा त्या क्षणी आनंदात असतो, घरची मंडळी पेढे घेऊन उभी असतात आणि लाखांच्या व्यवहारात तीस हजारांचा आकडा लहान वाटतो. विक्रीशास्त्राला हे पुरेपूर ठाऊक आहे.

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा अधिक घरांना भिडतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशाची सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे. जवळजवळ दर दुसऱ्या घरापुढे गाडी उभी असलेल्या या राज्याचे हवामान मात्र गाडीच्या मुळावर उठणारे आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा, खाणपट्ट्यातली तांबडी धूळ, मुरगावात बंदरातून उडणारी कोळशाची भुकटी आणि सावलीसाठी निवडलेल्या आंब्या-जांभळाच्या झाडांवरून पडणारा चीक. त्यामुळे रंग जपण्याची चिंता खोटी नाही. त्या चिंतेवर जो उपाय विकला जातो तो कोणत्या दुखण्यावरचा आहे, हे तपासण्याची गरज आहे.

सिरॅमिक कोटिंग ही निव्वळ फसवणूक आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. नीट लावलेले चांगल्या प्रतीचे कोटिंग गाडी धुणे सोपे करते, चमक टिकवते आणि काही रसायनांपासून रंगाला थोडा अवधी मिळवून देते. एवढेच सांगून ते विकले गेले असते, तर तक्रारीला जागा उरली नसती. परंतु बाजारात ते चिलखत म्हणून विकले जाते. ओरखडा पडणार नाही, उन्हात रंग उडणार नाही, गंज चढणार नाही, वर्षानुवर्षे पॉलिश करावे लागणार नाही, अशी आश्वासने दिली जातात. उत्पादनाचे प्रत्यक्ष काम आणि त्याच्या नावाने दिलेला शब्द यांत जे अंतर पडते, त्याचीच किंमत ग्राहक मोजतो.

हे अंतर समजण्यासाठी आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते पाहावे लागते. कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीचा संपूर्ण रंग दोन केसांच्या जाडीएवढाही नसतो. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा आणि फडक्याचे घासणे हे सारे हाच थर सोसतो. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही यातच मिसळलेली असतात.

शोरूममध्ये अनेकदा सांगितले जाते की, नव्या गाडीचा रंग कच्चा असतो, तो पक्का होण्यासाठी कोटिंग हवे. हे साफ चुकीचे आहे. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजून निघतो. गाडी बाहेर पडते तेव्हा तो पूर्ण पक्का झालेला असतो. कच्चेपणाचा मुद्दा लागू पडतो तो अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाला. तेथे सांगाड्याला प्लास्टिक, रबर आणि वायरी जोडलेल्या असल्याने एवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे रंगातील द्रावक उडून जायला काही आठवडे लागतात आणि तोवर त्यावर कोटिंग करू नये असा संकेत आहे. व्यवहारात नेमके उलट घडताना दिसते. पक्क्या रंगाला कच्चा ठरवून कोटिंग गळ्यात मारले जाते आणि काल रंगवलेल्या दरवाजावर आज बाटली रिकामी केली जाते.

रंगावर काहीतरी चोपडण्याची पद्धत जुनी आहे. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण कित्येक पिढ्या वापरले गेले. ते काही आठवडे टिकते. त्यानंतर कृत्रिम पॉलिमरची सीलंट आली, ती काही महिने टिकतात. सिरॅमिक कोटिंग ही त्यापुढची पायरी. बाटलीतील द्रव सिलिकॉनयुक्त संयुगांचा असतो. पृष्ठभागावर पसरल्यानंतर द्रावक उडून जातो, उरलेले द्रव्य हवेतील आर्द्रतेशी संयोग पावते आणि काचेसारखा कठीण, पातळ पापुद्रा तयार होतो. मेण रंगावर नुसते बसते, कोटिंग त्याला धरून राहते, म्हणून ते वर्ष-दोन वर्षे किंवा निगा चांगली असल्यास त्याहून अधिक टिकते. मात्र त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन, अनेकदा त्याहूनही कमी. पन्नास मायक्रॉनच्या क्लिअर कोटवर एका मायक्रॉनचा पापुद्रा, असे हे प्रमाण आहे. एवढ्या पातळ थराने बाजारात लागलेला धक्का, उडालेला खडा किंवा लहान मुलाने किल्लीने काढलेली रेघ परतवून लावावी, ही अपेक्षाच वस्तुस्थितीला सोडून आहे.

अलीकडे ‘ग्राफीन’ हा शब्द जोडून तीच बाटली अधिक दराने विकली जाते. ग्राफीन हा कार्बनचा खरोखर विलक्षण प्रकार आहे आणि त्याच्या शोधासंबंधीच्या प्रयोगांना २०१० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रयोगशाळेतल्या एकअणुजाड पडद्याचे गुण बाटलीतल्या चिमूटभर भुकटीला आपोआप चिकटत नाहीत. त्या बाटलीत ते किती टक्के आहे हे लेबलवर क्वचितच छापलेले असते आणि ग्राहकानेही ते क्वचितच विचारलेले असते.

जाहिरातींतील सर्वांत वजनदार आकडा म्हणजे ‘९एच’. पुष्कळांचा समज असा की, हिऱ्याला दहा गुण आणि या कोटिंगला नऊ. प्रत्यक्षात हा ‘एच’ पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या तासाला वापरतात त्याच एचबी, २एच, ४एच पेन्सिली. पृष्ठभागावर ठरावीक दाबाने आणि कोनातून क्रमाक्रमाने कठीण पेन्सिली ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहायचे, अशी ही चाचणी आहे. त्या मालिकेतील सर्वांत कठीण पेन्सिल ९एच. म्हणजे ‘९एच’ या दाव्याचा अर्थ इतकाच की, मातीमिश्रित ग्रॅफाइटच्या सर्वांत कठीण कांडीने त्यावर चरा पडला नाही. खनिजांची कठीणता मोजणारी मोहस् श्रेणी वेगळी. तीत हिरा दहावर आणि क्वार्ट्झ सातवर आहे, तर पेन्सिलीचे शिसे पार खालच्या अंगाला. रस्त्यावरच्या वाळूत क्वार्ट्झच भरलेले असते. चाचणी काचेवर केली की धातूवर, यानेही निकाल बदलतो, कारण एवढ्या पातळ थराखाली जे असेल त्याचीच कठीणता बऱ्याच अंशी मोजली जाते. काचेवर मिळवलेला आकडा गाडीच्या बॉनेटवर जसाच्या तसा लागू करणे म्हणजे सिमेंटच्या फरशीवर अंथरलेल्या चादरीला भक्कम म्हणण्यासारखे आहे.

दुसरे आकर्षण पाण्याच्या थेंबांचे. कोटिंग केलेल्या बॉनेटवर पाणी ओतले की त्याचे गोल मणी होतात आणि ते घरंगळत जातात. चित्रफितीत हे दृश्य मोहक दिसते. पावसाच्या पाण्याने ते साधतेही, आणि चिखल कमी चिकटतो हा फायदा खरा आहे. पण विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात सोडून दिली, तर तेच मणी जागच्या जागी सुकतात आणि प्रत्येकाच्या तळाशी क्षारांचे पांढरे वर्तुळ उरते. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पसरून सुकते, त्यामुळे क्षारही पातळ पसरतात. कोटिंगवर ते ठिपक्याठिपक्यांनी साचतात. हे डाग वेळीच पुसले नाहीत, तर साध्या साबणाने जात नाहीत. समुद्राजवळच्या वस्तीत रात्री दव पडून सकाळी गाडी उन्हात तापते, तेव्हा मिठाच्या बाबतीतही असेच घडते. म्हणजे कोटिंगमुळे धुणे सोपे होते, पण धुऊन लगेच पुसण्याची गरज कमी न होता वाढते. विक्रेता हे वाक्य सहसा उच्चारत नाही.

गाडीच्या रंगावर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, त्यांना पाऊस किंवा ऊन जबाबदार नसते. ते फडक्याने पाडलेले असतात. अनेक वसाहतींत सकाळी एक कामगार एक बादली आणि एक फडके घेऊन येतो आणि तेवढ्यावर आठ-दहा गाड्या पुसतो. त्याच्या वेळेला आणि मोबदल्याला पाहता त्याच्याकडून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण धूळ पाण्याने न उडवता ओल्या फडक्याने पुसली की ते फडके पॉलिश पेपरचे काम करते. तांबड्या धुळीत बारीक कठीण कण असतातच. कोटिंग या चऱ्यांचा वेग थोडा कमी करते, ते थांबवत नाही. आधी भरपूर पाण्याने धूळ उतरवणे, साबणाच्या आणि खळबळण्याच्या पाण्याच्या दोन वेगळ्या बादल्या ठेवणे आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड वापरणे, या काही शे रुपयांच्या सवयीने जे साधते ते तीस हजारांच्या बाटलीने साधत नाही. पावसाळ्यात प्लास्टिकचे आच्छादन घालून गाडी झाकण्याची सवयही अशीच उलटते. आत ओल कोंडते आणि वाऱ्याने आच्छादन हलले की अडकलेली धूळ रंगावर घासत राहते.

कोटिंगच्या किमतीत बाटलीचा वाटा तुलनेने लहान असतो. खरे मोल पूर्वतयारीच्या श्रमाचे. गाडी धुवायची, रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने सोडवायचे, चिकणमातीसारख्या गोळ्याने पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, चरे असतील तेथे यंत्राने पॉलिश करायचे, तेलकटपणा पुसून काढायचा आणि मग हातभर जागा घेत कोटिंग लावत जायचे. काळजीने केले तर हे एक-दोन दिवसांचे काम आहे. जेथे ते तीन तासांत उरकून मिळते, तेथे यातील काही पायऱ्या गाळल्या आहेत असे समजावे. चरे तसेच ठेवून वर कोटिंग केले, तर ते चरे चकाकीखाली कायम होतात.

पॉलिशचा आणखी एक हिशेब आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. चरा ‘जातो’ म्हणजे तो भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कमी होतात. दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी ‘रबिंग-पॉलिशिंग’ करून घेणारा मालक गाडी चमकवत असतो आणि तिचे कवच झिजवत असतो. चांगल्या केंद्रात रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण असते. काम सुरू करण्यापूर्वी बॉनेट, टप आणि दरवाजे यांवरील जाडी मोजून कागदावर देणारा कारागीर आपले काम जाणतो, असे म्हणायला हरकत नाही. कोटिंगचा एक फायदा येथे मान्य करावा लागेल. एकदा नीट तयारी करून ते लावले आणि धुण्याची शिस्त पाळली, तर वारंवार पॉलिश करण्याची वेळ येत नाही आणि क्लिअर कोट वाचतो.

पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, हे मात्र निराळे प्रकरण. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. गाडीच्या संपूर्ण रंगापेक्षाही जाड. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा हीच अडवू शकते आणि हलके चरे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने तिच्यात आपोआप मिटतात. तिची किंमतही तशीच. पूर्ण गाडीला ६०-७० हजारांपासून दोन लाखांच्या पुढेपर्यंत खर्च येतो. निकृष्ट फिल्म काही वर्षांत पिवळी पडते, कडा सुटतात आणि काढताना गोंद मागे राहतो. आधी पुन्हा रंगवलेल्या भागावरून काढली, तर रंगही सोलून येऊ शकतो. आठ-दहा लाखांच्या गाडीला दीड लाखाची फिल्म चढवणे हा हौसेचा भाग आहे आणि हौसेला मोल नसते. पण बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दरवाजांच्या कडा व मुठीखालच्या खोबण्या एवढ्यालाच फिल्म लावली, तर खर्च बराच आटोक्यात राहतो आणि जेथे मार बसतो तो भाग झाकला जातो. पर्यटकांना गाड्या भाड्याने देणाऱ्यांसाठी हा व्यवहार्य मार्ग आहे, कारण त्यांच्या गाड्यांना होणारी इजा बहुतेक याच जागी असते.

गोव्याच्या हवेत कोटिंग लावण्याचा काळही महत्त्वाचा ठरतो. हे द्रव आर्द्रतेने पक्के होते, म्हणून दमट हवेत ते फार लवकर आवळते. कारागिराला पुसून एकसारखे करायला मिनिटेही मिळत नाहीत आणि पृष्ठभागावर इंद्रधनुषी पट्टे किंवा गडद ठिपके राहतात. ते काढायचे तर पुन्हा पॉलिश. लावल्यानंतर पहिले बारा ते चोवीस तास पाण्याचा स्पर्श होऊ नये आणि आठवडाभर साबण लावू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आता राज्यातला गाडी घेण्याचा आवडता मुहूर्त पाहा. चतुर्थीला गाडी दारात हवी, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शोरूममध्ये झुंबड उडते, हवेतील आर्द्रता तेव्हा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते आणि कोटिंग केलेली गाडी त्याच संध्याकाळी पावसातून घरी जाते. बंद, वातानुकूलित आणि आर्द्रता नियंत्रित केलेली खोली असल्यास पावसाळ्यातही चांगले काम होऊ शकते. पत्र्याच्या छपराखाली, दोन बाजूंनी उघड्या जागेत ते होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत थांबल्याने काहीही बिघडत नाही, कारण रंग कच्चा नसतोच.

आणि आता गंजाकडे. या राज्यात गाडी जुनी होते ती बहुधा वरून नव्हे, खालून आणि आतून. पत्र्यावर पाणी असले की लोखंड गंजते. त्या पाण्यात मीठ असले की ते विजेचे अधिक चांगले वाहक बनते आणि गंजाची प्रक्रिया वेग घेते. कांदोळी, कोलवा, मिरामार या भागांत हवेत जेवढे मीठ असते, तेवढे साखळी किंवा वाळपईत नसते, कारण किनाऱ्यापासून आत जावे तसे ते झपाट्याने घटते. पण भरतीचे पाणी चढणारे खाजनाकडचे रस्ते आणि खाऱ्या नदीतून ये-जा करणाऱ्या फेरीबोटीचा ओला धक्का यांमुळे आतल्या गावांतील गाड्याही सुटत नाहीत. गंजाची सुरुवात कोठे होते? दरवाजाच्या खालच्या दुमडीत, चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडेला, पायदानाखालच्या पोकळ पट्टीत, सायलेन्सरच्या जोडावर आणि समोरच्या काचेखाली पाने साठणाऱ्या खोबणीत. या सगळ्या जागा कोटिंगच्या कापडाला दिसतही नाहीत. बॉनेटवरच्या एका मायक्रॉनच्या काचेचा आणि दरवाजाच्या पोटातल्या ओलीचा परस्परांशी काहीही संबंध नाही. त्यामुळे सिरॅमिक कोटिंगने ‘गंजापासून संरक्षण’ मिळते हे वाक्य गोव्यात विशेष दिशाभूल करणारे आहे. एकच अपवाद, बारीक खडा लागून रंग पत्र्यापर्यंत उडाला तर तेथून गंज सुरू होतो. पण ते थांबवते फिल्म, किंवा त्याच आठवड्यात लावलेला टच-अप रंगाचा थेंब.

अंडरबॉडी कोटिंग उपयोगी आहे, पण तेही डोळसपणे. गाडीच्या तळाला कारखान्यातूनच काही प्रमाणात संरक्षक लेप दिलेला असतो. नव्या, कोरड्या तळावर मेणयुक्त किंवा रबरी लेपाचा आणखी एक थर किनारपट्टीवर कामाला येतो. चार-पाच वर्षे वापरलेल्या, आधीच गंजू लागलेल्या तळावर नीट खरवडून न घेता काळा जाड लेप फासला, तर त्याखाली ओल कोंडते आणि वरून सारे आबाद दिसत असताना पत्रा आतून पोखरला जातो. त्याहून गंभीर चूक म्हणजे दरवाजांच्या आणि पोकळ पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके या लेपाने बुजवणे. काचेच्या रबरी पट्टीतून दरवाजात पाणी शिरतेच, ते बाहेर पडावे म्हणून ती भोके असतात. पावसाळा सरला की गाडी रॅम्पवर चढवून तळ गोड्या पाण्याने जोरात धुणे, ही भोके काडीने मोकळी करणे आणि काचेखालचा पालापाचोळा काढणे याला काही शे रुपये लागतात. याची जाहिरात कोठे लागलेली दिसत नाही, कारण त्यात कोणाला फारसा नफा नाही.

या धंद्याला नियम किती आहेत? डेंटिंग-पेंटिंगप्रमाणे येथेही कोणीही दुकान थाटू शकतो. चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला आणि दहा वर्षे हात मुरलेला कारागीर यांच्या पाट्या सारख्याच दिसतात. कोटिंगमधील द्रावकांची वाफ आणि पॉलिशची धूळ बंद खोलीत दिवसभर श्वासावाटे घेणाऱ्या मुलांना योग्य मास्क मिळतो की नाही, हे ग्राहक पाहत नाही आणि तपासणारी यंत्रणाही तेथवर पोहोचल्याचे क्वचितच दिसते. वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम या उद्योगाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ च्या वर्गीकरणात नारिंगी गटात घातले होते. साबण, तेल आणि रसायने मिसळलेले पाणी थेट गटारात सोडता येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. वस्तीतल्या वॉशिंग सेंटरचे सांडपाणी कोणत्या ओहोळात जाते, हे मात्र पावसाळ्यात फेस दिसल्यावरच गावकऱ्यांना कळते.

राहिला हमीचा मुद्दा. ‘पाच वर्षे’, ‘आजीवन’ हे मोठ्या अक्षरांतले शब्द कार्डाच्या दर्शनी भागावर असतात. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत सामान्यतः ओरखडे, खड्यांचे घाव, पाण्याचे डाग, पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आणि अयोग्य धुलाईने झालेली हानी वगळलेली असते. शिवाय ठरावीक महिन्यांनी त्याच केंद्रात सशुल्क देखभाल करून घेतली नाही, तर हमी रद्द. म्हणजे ज्या कारणांनी रंग खराब होतो ती सगळी वगळून उरलेल्या बाबींची हमी दिली जाते. अपघातात पत्रा बदलावा लागला, तर नवा भाग कोटिंगविना येतो आणि त्याचा खर्च विमा देईल की नाही हे पॉलिसीत त्याची स्वतंत्र नोंद आहे का यावर अवलंबून राहते. विमा काढतानाच हे विचारून घेतलेले बरे.

कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे गेला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. एक वस्तू किंवा सेवा घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, अशी अट घालणे हा त्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी व्यवहार ठरतो. ‘कोटिंगचे पॅकेज घेतले तरच गाडी लवकर मिळेल’ असे तोंडी सांगणारा विक्रेता या व्याख्येच्या अगदी जवळ उभा असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही निघाली आहेत. जाहिरातीत केलेला दावा पुराव्यानिशी सिद्ध करता आला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ‘गंज चढणार नाही’ या दाव्याला हीच कसोटी लावली, तर किती फलक उतरवावे लागतील याचा अंदाज बांधणे कठीण नाही. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा आयोगाकडे जायचे असल्यास पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

अडचण येते ती पुराव्याची. कोणत्या कंपनीचे कोणते उत्पादन वापरले, बाटलीचा बॅच क्रमांक काय, किती थर दिले, त्याआधी रंगाची जाडी किती होती, पॉलिश केले की नाही आणि तोंडी दिलेली आश्वासने यांतले काहीही बहुतेक बिलांवर नसते. काही ठिकाणी तर ‘बिल हवे असेल तर कर वेगळा’ असे सांगून रोखीने व्यवहार उरकला जातो. सेवा देऊन बिल नाकारणे हाच मुळात कायद्याने अनुचित व्यापारी व्यवहार आहे, पण पाच हजार रुपये वाचतात म्हणून ग्राहकही मान डोलावतो. वर्षभराने बॉनेटवर पट्टे उठतात किंवा चमक जाते, तेव्हा त्याच्या हाती एक रंगीत कार्ड असते आणि त्यावर केंद्राचा शिक्का. बिल असले तरी त्यावर अनेकदा ‘कार केअर पॅकेज’ एवढे तीनच शब्द छापलेले आढळतात. त्या तीन शब्दांत आयोगापुढे नेमके काय कबूल केले होते हे कसे दाखवायचे, असा प्रश्न मग तक्रारदारापुढे उभा राहतो.